पोरगा फडावर जायचं म्हणतोय

दर वर्षी ५ नोव्हेंबर आला की सांगलीला आपली थोरवी आठवते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांपुढं ‘सीता स्वयंवर’ केलं, तो हा दिवस. मराठी रंगभूमी दिन. भावे नाट्यमंदिरात पदक दिलं जातं, भाषणं होतात, सांगली ही नाट्यपंढरी आहे हे पुन्हा एकदा सांगितलं जातं. खोटं नाही ते. ‘शारदा’ लिहिणारे देवल हरिपूरचे. ‘मानापमान’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. बालगंधर्वांचं मूळ गाव पलूस तालुक्यातलं नागठाणे. मिरजेत आजही तंबोरे आणि सतारी बनतात. एवढ्याशा पट्ट्यात एवढं गाणं!

पण आपली एक दुसरी यादी आहे. ती त्या व्यासपीठावरून क्वचितच वाचली जाते. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. ‘जहरी प्याला’ वगातले काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, कवलापूरचे. सांगलीहून सायकलवर जाता येईल एवढं ते जवळ. यमुनाबाई वाईच्या. कांताबाईंनी तर सातारकर हे नावच लावलं. (दोन्ही जिल्हे एका दमात घेतोय कारण १९४९ पर्यंत वाळवा साताऱ्यातच होता. नंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.)

दोन्ही याद्या गाण्या-नाटकाच्याच. पहिल्या यादीला संगीत रंगभूमी म्हणतात, दुसरीला तमाशा. पहिलीत पुरुष नऊवारी नेसून लाजला की तो गंधर्व. दुसरीत बाई बाई म्हणूनच उभी राहून गायली की ती नाचणारीण. हा फरक गळ्याचा नाही. कुणाच्या घरातला गळा आहे त्याचा हा फरक आहे.

हे सगळं आत्ता काढायचं कारण माझ्या आत्याचा पोरगा. वय अठरा, बारावी झालेला. ढोलकी त्याला कुणी शिकवली नाही. लहानपणी पत्र्याच्या डब्यावर बडवायचा, मग विहारातली ढोलकी मागून घ्यायचा, ती फाटली तेव्हा शिव्या खाल्ल्या. जयंतीच्या गायन पार्टीत दोन वर्षं कोरसला होता, यंदा पुढं उभा राहून गायला. ते एका फडाच्या मालकाच्या कानावर गेलं. दसऱ्याला फड बाहेर पडतो. मालक म्हणाला, सुरत्या म्हणून ये, जमलं तर वगात पार्ट देतो, पन्नास हजार उचल आत्ता घे.

वस्तीत दोन तट पडले. आत्या म्हणाली, “माझ्या आज्यानं छप्पन साली जे टाकलं ते तू परत घरात आणतोस व्हय?” विहारातले आपले कार्यकर्ते म्हणाले, “बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावाचे पैसे नाकारले. विषय संपला.” पोरगा कुणाशीच बोलत नाही. ढोलकी घेऊन ओढ्याकडं जातो.

माझ्या मते विषय संपलेला नाही. तो तिथून सुरू होतो.

ती गोष्ट आपण सगळे सांगतो, पण अर्धीच सांगतो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तमाशाच्या नादानं जातीबाहेर पडला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या शब्दांना गळा मिळाला तो संगमनेरकडल्या हिवरगावच्या पवळाबाईचा. पवळा महाराची. या जोडीनं मुंबईची थेटरं भरली. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाला पैसा हवा होता, तेव्हा बापूराव तमाशाचं उत्पन्न द्यायला बाबासाहेबांकडं गेले, आणि आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो घेतला नाही, असं सांगितलं जातं. यात नाकारलं काय? ढोलकी? लावणी? मला तर दिसतं ते एवढंच की बाई आमची, अंग तिचं, घाम तिचा, आणि दान देणारा हात दुसऱ्याचा. हा हिशेब बाबासाहेबांनी नाकारला. पवळानं स्वतःची कमाई स्वतःच्या हातानं पुढं केली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न आपल्या एकाही भाषणात मी ऐकला नाही. गोष्टीत पवळा असते, पण तिला बोलायला एक वाक्य नसतं.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. पुढं १९३० च्या दशकात नाशकाकडून भीमराव कर्डकांचा जलसा निघाला. गावोगाव आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांच्याकडं ढोलकी तीच, झांज तीच, सवाल-जवाब तोच, बतावणीची तऱ्हा तीच. गणपतीची स्तुती गेली, गवळणींची छेडछाड गेली. मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे त्या जागी आलं. बाबासाहेबांना आपल्या सभांपेक्षा या जलशांचं मोल काकणभर जास्तच वाटायचं, असं जुनी माणसं सांगत आली. म्हणजे एकाच माणसानं तमाशाचा पैसा परत केला आणि तमाशाच्या पोटातून निघालेला जलसा उराशी धरला. हे दोन्ही एकदम ज्याला पचतं त्यानंच आत्याच्या पोराला शहाणपण शिकवावं.

आता माझ्या पणज्याचं ऐका. तो फडात झीलकरी होता. तुणतुणं वाजवायचा आणि मागं उभा राहून सूर धरायचा. १९५६ ला धम्म घेतला आणि फड सोडला. तुणतुणं आढ्याला टांगलं, ते उंदरांनी कुरतडेपर्यंत तिथंच होतं, असं आज्या सांगायचा. अभिमानानं सांगायचा, आणि अभिमानाचीच ती गोष्ट आहे. पण त्या वर्षी चूल कशावर पेटली हे मी एकदा आज्याला विचारलं. तो म्हणाला, “कशावर म्हंजे? बाप ऊस तोडाय गेला.” आणि ऊस तोडायला जाताना मुकादमाकडून काय घेतलं? उचल. फडातही उचल, उसातही उचल. पणज्यानं देव सोडले, तुणतुणं सोडलं, बलुतं सोडलं. उचलीनं मात्र त्याला सोडलं नाही.

तेव्हा दोस्तहो, फडावर गेलेल्या पोराला कोण खातं ते नीट बघा. लावणी त्याला खात नाही.

उचल म्हणजे आगाऊ पैसा. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. बघा, अशोक विजयादशमी ते बुद्ध पौर्णिमा! कॅलेंडरसुद्धा आपली चेष्टा करतं. हे सातेक महिने काम, मग पावसाळाभर घरी. पावसाळ्यात पोट असतंच. लेकीचं लगीन, म्हाताऱ्याचं दुखणं, पत्रा गळतोय, हे सगळं पावसाळ्यातच निघतं. तेव्हा मालक उचल देतो आणि कलावंत पुढच्या दसऱ्यापासूनचा आपला गळा गहाण टाकतो. पुढं महिन्याच्या पगारातून ती फिटत जाते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. उचल फिटेस्तवर दुसऱ्या फडात जाता येत नाही.

मालकाला मी राक्षस म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर त्याच्यापेक्षा मोठा सावकार बसलेला असतो. ट्रक, कनात, लाइट, जनरेटर, शंभरभर माणसांचं जेवण. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तो बहुतेक तोटाच ओढतो. खरा पैसा चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या पंचकमिट्या येऊन सुपाऱ्या देतात, तेव्हा कुठं त्याच्या हातात रोकड दिसते. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन सालं करोनानं जत्रा बुडवल्या. फडकऱ्यांचं कंबरडं तेव्हा मोडलं. कांताबाई सातारकर गेल्या त्याही त्याच करोनात, मे २०२१ मध्ये, संगमनेरला. दगडखाणीत राबणाऱ्या आईबापाची पोर, साताऱ्यात वाढलेली, मेळ्यातून वर येऊन स्वतःच्या नावाचा फड उभा केलेली बाई. शेवटच्या हंगामात तिच्या पेशाच्या कनातीला कुलूप होतं.

नाव मोठं झालं की सुटका होते, असं पोराला वाटतं. अठराव्या वर्षी वाटायचंच. मी त्याला पहिल्या यादीतलंच नाव सांगितलं. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, पण कंपनीचं कर्ज आयुष्यभर मागं लागलं आणि म्हातारपण हालात गेलं. पठ्ठे बापूराव १९४५ साली पुण्यात गेले, कफल्लक. अण्णाभाऊ १९६९ साली मुंबईत गोरेगावला गेले. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. खेळ चालू असताना कनातीमागं बाळंत होऊन परत उभी राहणारी ती बाई, आणि शेवटच्या दुखण्यात तिच्यासाठी मदत गोळा करावी लागली. यमुनाबाई वाईकर खेळ करून पोट भरणाऱ्या घरात जन्मल्या, लहानपणापासून गायल्या. पद्मश्री आली २०१२ साली, नव्वदी कधीच ओलांडल्यावर. शंभरी पार करून २०१८ ला वाईत गेल्या. सरकारला ऐकू यायला एवढा वेळ लागतो.

पोरगा म्हणाला, “दादा, तू गिरणीत सूत काढून कुठं बंगला बांधलास?”

उत्तर नव्हतं. मी रिंग खात्यात आहे. आठ तास साच्यांमधून चालायचं, तुटलेला धागा सांधायचा, कानात कापूस, नाकात कापूस. पाळी सुटली तरी कानात तासभर साचा फिरत असतो. तिथं मी कविता करतो कारण तिथं कुणाला काही ऐकू जात नाही. पण एक आहे. माझ्या पगाराला तारीख आहे. हजेरीला कार्ड आहे. कधी थकला पगार तर गेटवर बसायला चार माणसं आहेत. फडात हे नाही. म्हणून म्हणतो, गिरणी आणि फड यांत इज्जतीचा फरक कमी आणि हजेरीकार्डाचा फरक जास्त.

दुसरी दारं नाहीत का? आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत-नाट्याचा विभाग आहे. पुण्याला ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीशिवाय घेत नाही. हे सगळं मी मोबाईलवर त्याला वाचून दाखवलं. तो गप ऐकत होता. मग म्हणाला, “तीन वर्षं शिकायचं न् घरी काय पाठवायचं?” संगीत नाटकाचं तर बोलूच नका. तिथं गळा तयार व्हायला गुरुजी लागतो, तंबोरा लागतो आणि दुपारी रियाज करता येईल असं निवांत घर लागतं. आमच्या वस्तीत दुपारी मिक्सर आणि भांडणं असतात.

तरी वाट काढणाऱ्यांनी काढली. संभाजी भगत साताऱ्याच्याच, पाचगणीकडल्या महू गावचे. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. राजकुमार तांगडेंनी लिहिलं, नंदू माधवांनी बसवलं, संकल्पना आणि संगीत भगतांचं. जालन्याकडली शेतकरी पोरं त्यात उभी राहिली आणि शहरातली नाट्यगृहं भरली. गाणं, ढोलकी, वग, हसणं, आणि विचार आपला. विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ जगभर नेलं आणि २०१० साली दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले. म्हणजे आपल्या पोराला नट-गायक व्हायचं असेल तर पुढं माणसं आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी पाच-सात वर्षं कुठंतरी रोज रात्री हजार माणसांपुढं उभं राहावं लागतं. तशी शाळा आमच्या भागात एकच आहे. तिचं नाव फड. फुकट शिकवते आणि वर उचल देते, हेच तिचं वाईट.

आता गणाचं. हा प्रश्न मला उचलीएवढाच अवघड वाटतो.

तमाशा गणानं उघडतो. सुरते, झीलकरी, ढोलकीवाला, सगळे उभे राहून गणपतीला आळवतात. मग गौळण, त्यात कृष्ण. आपल्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीला लावलेल्या आहेत. कृष्ण दुसरीत आहे, गणपती तिसरीत. पोरगा रोज रात्री त्या मोडणार का? “ॲक्टिंगच हाय की” असं एकजण म्हणाला. मला ते पटलं नाही. सिनेमात देव होणं वेगळं आणि जत्रेत, देवळापुढं, पंचकमिटीनं हार घातल्यावर गण म्हणणं वेगळं. तिथं प्रेक्षक हात जोडून बसलेला असतो.

अण्णाभाऊंनी हा गुंता सोडवून दाखवला होता. दीड दिवस शाळा शिकलेला मांगाचा पोरगा, वाटेगावात भावकीतल्या बापू साठ्यांच्या फडात तयार झालेला, मुंबईत गिरणीत राबलेला. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक काढलं. गणातला गणपती काढला आणि तिथं मायभूमी आणून उभी केली. गौळण टाकून दिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली तर त्यालाच लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. पण पथक त्यांचं स्वतःचं होतं. सुपारी जत्रेच्या देवाची नव्हती. गणात कोण असावं हे मालक ठरवतो, ही सरळ गोष्ट आहे.

मी आणि पोरगा मालकाला भेटायला गेलो. म्हातारा माणूस, चहा पाजला. मी म्हणालो, “मालक, पोरगा बौद्ध आहे. गणाला, गौळणीला उभा राहणार नाही.”

तो हसला. “आवो, माझ्या फडात निम्मी जयभीमवाली न् निम्मी साठ्यांची. ट्रकात बाबासाहेबांचा फोटू हाय, अण्णाभाऊंचा हाय. पर जत्रा गावच्या देवाची. गण न करता थाप मारली तर नारळाच्या जागी दगूड येतील.”

“मी इंगेत थांबतो,” पोरगा म्हणाला.

“सुरत्या इंगेत थांबून कसं भागंल? ढोलकीवर बस. ढोलकी काय कुणाचं नाव घेत न्हाई.”

“ढोलकी न्हाई घेत. पर हात माझा हाय.”

म्हातारा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, गणापुरता जुना ढोलक्या बसवतो, रंगबाजीपासून तू ये. मला वाटलं होतं इथंच बोलणं मोडेल. मोडलं नाही. चांगला ढोलकीवाला मिळत नाही, हे त्यामागचं कारण असेल. असो.

मोडायला आलं ते पुढं. मी म्हणालो, उचल नको, दर महिन्याला पोराच्या खात्यावर पगार टाका. तर मालक एकदम ताठला. “उचल न घेतलेलं माणूस मला परवडत न्हाई. शिमग्याला पळालं तर जत्रांच्या तोंडावर मी कुणाच्या पाया पडू?” बघा, उचल दयेपोटी देत नाहीत. ती दावं आहे. मग मी गिरणीतलं डोकं लावलं. एक महिन्याचा पगार तुमच्याकडं ठेवा, बुद्ध पौर्णिमेला द्या, त्याआधी पोरगा गेला तर तो बुडाला. साध्या कागदावर लिहू, दोघांची सही. म्हातारा म्हणाला, माझ्या बापानं कधी कागद केला नाही. पण वाचून तरी दाखवा म्हणाला. वाचून दाखवला. सही करायला दसऱ्याआधी येतो म्हणालाय.

अडलंय घरात. आत्याच्या डोक्यावर फायनान्सवाल्यांचं कर्ज आहे, थोरल्या पोरीच्या लग्नाचं. दर आठवड्याला हप्त्याला माणूस दारात. तिला उचल नको आहे आणि पन्नास हजार हवे आहेत. दोन्ही खरं. फडाला ती इतके दिवस नाही म्हणत होती, आता गप आहे. ती गप बसली की मला भीती वाटते. पोरगा एखाद्या रात्री तिला न सांगता उचलीवर अंगठा देऊन येईल.

आपल्या जयंती मंडळानं यंदा एप्रिलमध्ये डीजेला साठ हजार दिले. एका रात्रीचे. भिंतीएवढे बॉक्स, आणि त्यात आपलीच भीमगीतं अशी कुटली की शब्द कळेना. म्हाताऱ्या माणसांनी कानात बोळे घातले. याच पोराची पार्टी त्या रात्री बाजूच्या बाकड्यावर ढोलकी मांडीवर घेऊन बसून राहिली, कारण त्यांच्यासाठी वीस मिनिटं ठेवली होती आणि तीही डीजेनं खाल्ली. तेव्हा फडावर जाऊ नको असं पोराला सांगायचा हक्क मंडळाला कुठनं आला, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

येत्या रविवारी संध्याकाळी विहारात बैठक आहे. मी एवढंच मांडणार आहे. मंडळाची जी शिल्लक आहे त्यातून आत्याला पन्नास हजार बिनव्याजी द्यायचे, पोरानं सात महिन्यांत पगारातून परत करायचे, आणि बुद्ध पौर्णिमेला फड सुटला की त्यानं परत येऊन वस्तीतल्या पोरांचा जलसा बसवायचा. गणपती नसलेला गण लिहायचं काम माझ्याकडं घेतलंय. दोन कडवी झालीत, तिसरं अडलंय. खजिनदाराला सांगून ठेवलंय की डीजेची पावती घेऊन ये. दसऱ्याला एकवीस दिवस राहिलेत.